गळ, पिसं आणि बोलेरोच्या टपावरची बोट

फ्लाय फिशिंग म्हटलं की डोळ्यांपुढं येतो स्कॉटलंडचा थंडगार ओढा, कमरेपर्यंत रबरी विजार चढवलेला गोरा साहेब आणि काठावर उभी अवाढव्य पिकअप, तिच्या मागं ट्रेलरवर बोट. हाच साहेब वेदगंगेच्या काठावर यमगर्णीला आणून उभा केला तर? पाठीमागं पुरुषभर ऊस, पायाखाली गुडघाभर गाळ आणि पुलावर गाडी थांबवून "काय घावलं का?" विचारणारी चार डोकी. साहेब दुपारच्या आत बोचकं बांधेल.

पण गंमत अशी की या साहेबी खेळाच्या पोतडीत हात घातला, तर बाहेर येणाऱ्या निम्म्या वस्तू बेळगाव-निपाणीकडच्या माणसाच्या ओळखीच्या निघतात. बांबू आहे, कोंबड्याची पिसं आहेत, रेशीम आहे, ओढून न्यायच्या ट्रॉल्या तर आहेतच. म्हणून ही चटपटीत भेळ. बोट कुठल्या गाडीनं न्यायची याचा निकाल शेवटी देतो, पण आधी गळ.

वजन माशीला नाही, दोरीला

आपला नेहमीचा गळ कसा चालतो? तंगुसाच्या टोकाला शिसं, शिशाच्या वजनानं आमिष लांब जातं आणि मागून तंगूस ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. टोकाला असते पिसाची खोटी माशी, तिला वजन जवळपास नाहीच. वजन असतं दोरीला. म्हणून फेक गळाची राहत नाही, बैलगाडीवाल्याच्या आसुडासारखी होते: दोरी आधी मागं सरळ होऊ द्यायची, मग पुढं. घाई केली की आसूड कडाडतो आणि माशी तुटून जाते.

काठीवर जो आकडा छापलेला असतो तो याच दोरीचा. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. आठ नंबरची २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा वजनावर माणसं साठ-सत्तर फूट लांब माशी टाकतात. आपल्याकडच्या चिलापीला चार-पाच नंबर पुरे, महसीरसारख्या दांडग्या माशाला आठ ते दहा लागतात.

शिकायला पाणी लागत नाही, ही आणखी एक गंमत. टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा आणि मोकळ्या गवतावर सराव करायचा. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर पहाटे कुणी असं करताना दिसला तर फिरायला आलेली मंडळी थोडी लांबून जातील एवढंच.

आकड्यांची उलटी गंगा

गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ बारीक. वीस नंबरचा गळ मुंगीला शोभेल असा, सहा नंबरचा चांगला ठसठशीत. हे एक नंबरपर्यंत चालतं. मग पाटी पुन्हा फिरते: एक-शून्य, दोन-शून्य, तीन-शून्य आणि इथून पुढं आकडा वाढेल तसा गळही वाढतो. हा घोळ कुणी घातला ठाऊक नाही, पण त्याला गणितात काठावर पास केलं असावं.

माशीजवळच्या बारीक धाग्याचंही तसंच. त्याला 'एक्स'चे नंबर असतात आणि हिशेब ११चा. अकरातून नंबर वजा करा, जे उरेल तितके सहस्रांश इंच धाग्याची जाडी. पाच एक्स म्हणजे ०.००६ इंच. दुकानदाराला जाडी विचारायची गरजच नाही.

कोंबडा, मोर आणि एक गाणारा म्हातारा

पिसाची माशी बांधून मासे पकडण्याचं सर्वांत जुनं म्हणून जे वर्णन सांगतात, ते इसवी सन २००च्या आसपासचं, इलियन नावाच्या रोमन लेखकाचं. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याची दोन पिसं बांधतात, असं तो लिहितो. अठराशे वर्षं उलटली, कृती जवळपास तीच.

आता पिसासाठी खास कोंबडे पाळतात. अमेरिकेत असे वाण आहेत की ज्यांच्या मानेची पिसं लांब, ताठ आणि चकचकीत निघावीत म्हणून पिढ्यान् पिढ्या निवड केलेली. रश्शाकडं तिथं कुणाचं लक्ष नाही. २०११ साली तर कहर झाला. स्टीव्हन टायलर हा रॉक गायक टीव्हीवर केसांत पिसं माळून आला, अमेरिकेतल्या पोरींनी तीच फॅशन उचलली आणि मासेमारीच्या दुकानांतली पिसं ब्युटी पार्लरवाल्यांनी उचलून नेली. गळवाले हात चोळत बसले.

आपला धागा या फॅशनहून जुना. सामन मासा पकडायला व्हिक्टोरिया राणीच्या काळात जे नटवे फ्लाय बांधत, त्यांच्या गालावर एक मेणचट चमकदार ठिपक्याचं पीस हमखास असे. ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचं. हा पक्षी भारताबाहेर रानात सापडत नाही. आंबोली, तिलारी, खानापूरच्या जंगलात पहाटे जो तुटक आरवतो तोच हा. मोराच्या पिसाच्या बारीक तंतूंनी माशीचं अंग गुंडाळायची पद्धत तर अजून चालू आहे. अर्थात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे, रानकोंबड्याच्या मागं लागू नका. गावठी कोंबड्याची पिसं परड्यात पडलेली असतात, ती उचला.

कोलकात्याची काठी, शेतातली तार

आजच्या काठ्या कार्बन फायबरच्या. त्याआधी बांबू उभा चिरून, सहा पट्ट्या चिकटवून षट्कोनी काठी बनवत. या कलेसाठी सुरुवातीला माल जाई तो भारतातून, आणि बंदराच्या नावावरून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. पुढं चीनमधल्या टोन्किन बांबूनं त्याची जागा घेतली. चंदगड-खानापूरच्या मेसकाठीला तो मान मिळाला नाही, ती बिचारी शिडी आणि डालगीच करत राहिली.

माशीला बांधायचा पारदर्शक धागा नायलॉन येण्यापूर्वी रेशमाच्या किड्याच्या पोटातून काढत. किडा कोष विणायच्या बेतात आला की त्याला व्हिनेगरमध्ये बुडवायचं आणि रेशमाची ग्रंथी ओढून लांब करायची. स्पेनमधल्या मुर्सिया भागाचा हा मोठा धंदा होता. देशात सर्वांत जास्त रेशीम पिकवणाऱ्या कर्नाटकात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि बरंच झालं. साडीचा मान गळाला कशाला!

रील म्हणजे अॅल्युमिनियमचा ठोकळा लेथवर कोरून केलेली चकती. परदेशी कंपन्या तिचे हजारो रुपये लावतात. उद्यमबागेतल्या एखाद्या सीएनसीवाल्याला नमुना दाखवला तर तो आधी हसेल, मग "किती नग पायजे?" विचारेल. बेळगावात अॅल्युमिनाचा कारखाना आहे, जिल्ह्यात विमानांचे सुटे भाग बनतात, मग गळाची चकती का नको?

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. कार्बनमधून वीज जाते. नऊ फुटी ओली काठी हातात धरून नदीकाठच्या मोटारपंपाच्या तारांखालून जाणं म्हणजे जिवाशी खेळ. शेतातल्या तारा कुठं किती लोंबतात हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको, पाहुण्याला सांगायला हवं. वळीव गडगडायला लागला की काठी खाली ठेवून बाजूला व्हायचं.

साइक्ससाहेबाची मराठी

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरीतला लष्करी अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करता करता त्यानं इथले मासे, पक्षी, प्राणी सगळंच टिपलं. १८३९ साली त्यानं दख्खनच्या माशांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतर्फे छापली आणि नावं देताना सरळ नदीकाठच्या माणसांची नावं उचलली. लॅटिन शेपट्या लावायचे कष्टही बऱ्याच ठिकाणी घेतले नाहीत. त्यामुळं आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ आपल्या शिंगाळ्याला 'सीनघाला' म्हणतो, खडकाला चिकटणाऱ्या मळ्याला 'मुल्या' म्हणतो, कोळशीला 'कोलस' आणि दख्खनच्या महसीरला 'खुद्री'. भोयाच्या तोंडची नावं थेट शास्त्रात जाऊन बसली. त्या भोयांपैकी एकाचंही नाव मात्र साहेबानं नोंदलं नाही.

हा मळ्या मोठा अजब. तोंडाखाली त्याला चिकटायची चकती असते, भर धारेत खडकाला धरून तो शेवाळ खरवडत बसतो. गळाला लागत नाही, माशीकडं बघतही नाही.

महसीर: गोऱ्या साहेबाला घाम फोडणारा

कृष्णा-भीमेच्या खोऱ्याचा खरा राजा हा. खवले रुपयाएवढे, ओठ जाड, दात जबड्यात नाहीत तर घशात. झाडावरून पाण्यात पडलेली उंबरं तो मिटक्या मारत खातो, खेकडे खातो, बारके मासे खातो, आणि घशातल्या दातांनी सगळ्याचा भुगा करतो. १८७३ साली हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्यानं भारतातल्या गळाच्या शिकारीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, 'द रॉड इन इंडिया'. मायदेशात ज्याची आरती ओवाळतात त्या सामनपेक्षा महसीर जास्त झुंज देतो, असं त्याचं ठाम मत. इंग्रजानं असं म्हणणं म्हणजे कोल्हापूरकरानं दुसऱ्याच्या रश्श्याला बरं म्हणण्याइतकं दुर्मीळ.

गळाला लागलेल्या सर्वांत मोठ्या महसीरचा मान म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्याकडं जातो. वाघ-बिबट्यांत पेंढा भरणारं हे प्रसिद्ध घराणं. त्यातल्या एकानं १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंहून अधिक भरणारा मासा काढला. ज्वारीचं अर्धं पोतं तंगुसाला लागलंय असं समजा, आणि ते पोतं उलट्या दिशेनं पळतंय.

तो मासा होता कावेरीचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर. त्याचं शास्त्रीय नाव ठरायला पुढची सत्तर वर्षं गेली. २०१८ साली 'टॉर रेमादेवी' हे नाव पक्कं झालं आणि त्याच सुमारास तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत जाऊन पडला. नाव मिळालं तेव्हा मासा संपत आलेला.

आणि त्यात आपल्या दख्खनच्या महसीरचा हात आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार करायला सुरुवात केली. महाराष्ट्राच्या मत्स्य खात्यातून आलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी बंदिस्त पाण्यात या माशाची वीण घडवून आणली, ही खरोखर मोठी गोष्ट. पिल्लं देशभर वाटली गेली. कावेरीतही गेली. तिथं दख्खनचा महसीर असा फोफावला की मूळचा कुबडा महसीर मागं पडला, असं अभ्यासक सांगतात. चांगल्या हेतूनं केलेलं काम दुसऱ्या नदीत कसं अंगाशी येतं याचं इतकं स्पष्ट उदाहरण शोधून सापडायचं नाही. मासा सोडण्यापूर्वी "हा इथलाच का?" हा प्रश्न विचारायला हवा. अजूनही तलावांत कटला, रोहू, मृगळ ही गंगेकडची बियाणी सोडताना तो कुणी विचारत नाही.

देवाच्या कृपेनं वाचलेले महसीरही आहेत. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनीचे मासे म्हणून ते राखलेत, वाड्याजवळ तिळसेश्वराच्या डोहात आहेत, कर्नाटकात शृंगेरी आणि शिशिलाला आहेत. माणसाच्या हातून चुरमुरे खायला ते पायरीशी येतात. गळ टाकायची कुणाची छाती होत नाही. मत्स्य खात्याच्या पाटीपेक्षा देवीचा धाक भारी, हे मान्य करायला हवं.

कावेरीवर साहेबांच्या काळापासून महसीरला लावायचं आमिष कुठलं? नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा. चंदगडच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, "मग माणसांनी काय खायचं?"

आंबोलीत उगम, संकेश्वरात बाजार

हिरण्यकेशी आंबोलीला गुहेतल्या देवळाशी उगम पावते, आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरला येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाच्या कुंडात बोटाएवढा, पिवळसर पट्ट्यांचा एक मासा राहतो. कैक वर्षं भाविकांच्या पायाशी फिरत होता, कुणाला पत्ता नव्हता. २०२० साली तो नवी जात म्हणून जाहीर झाला: शिस्टुरा हिरण्यकेशी. शोधनिबंधाच्या तीन लेखकांत तेजस ठाकरे हेही एक. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. तिथं गळ नेऊ नका. तसंही मासा लहान आणि शरम मोठी.

त्याच घटप्रभेवर गोकाकला ५२ मीटर उंचीचा धबधबा आहे. खालच्या माशाला वर जायची सोय नाही. त्याच्या वर हिडकलचं राजा लखमगौडा धरण, ५१ टीएमसीचं. म्हणजे या नदीत मासा खालून वर यायचा तर आधी धबधबा आडवा, मग भिंत. पाण्याचे खटले माणसं लढवतात, माशांना वकीलच मिळत नाही.

फुटकळ, पण फक्कड

मरळ हवेत श्वास घेतो. पाण्यात राहूनही त्याला अधूनमधून वर यावंच लागतं, आणि तळ्यातल्या शेवाळात जिथं 'टपक' असा आवाज येतो तिथं गळवाला रबरी बेडूक टाकतो. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा गोळा पाण्यावर दिसला तर खाली नर-मादी राखणीला असतात. त्या वेळी बेडूक टाकला तर हमखास लागतो, कारण आईबाप चिडलेले असतात. म्हणूनच त्या वेळी टाकू नये.

वाम दिसतो सापासारखा, लोक त्याला ईल म्हणून विकतात, पण तो खरा ईल नव्हेच. पाठीवरचे काटे बोटात गेल्यावर फरक लक्षात राहतो.

चिलापी आफ्रिकेची. आता आपल्या तळ्यात तीच यजमान, बाकीचे पाहुणे. फ्लाय शिकायला मात्र तिच्याइतकी उदार मासळी नाही, बारक्या माशीवर धावून येते.

पाण्याखालून माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या. जो काठावर ताठ उभा राहतो तो त्या खिडकीत दिसतो, जो वाकून बसतो तो बराच वेळ दिसत नाही. भोयी पोरं उकिडवी का बसतात याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

निपाणीकरांसाठी खास: तंबाखू मळलेल्या हातानं आमिष लावू नये, असं जुने गळवाले जगभर सांगतात. माशाचं नाक भारी तिखट, आणि निकोटीन माशांना विषच. चुना-तंबाखूची डबी लांब ठेवून दिवस काढायचा, हीच खरी कसोटी.

ट्राउट मासा आपल्या नद्यांत नाही, होणारही नाही, पाणी फार उबदार. तोच पाहिजे तर निलगिरीत जा. अॅव्हलांचला १९०७ सालापासून त्याचं पैदास केंद्र आहे. चहाच्या मळ्यांत साहेब कंटाळत होते, त्याचं हे फळ.

पहिल्या पावसात ओढ्या-वहाळांतून शेतात चढणारे चढणीचे मासे धरायची मजा इथल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. पण ते अंडी घालायला चाललेले असतात. एकवेळच्या कालवणासाठी ठीक, पोती भरून नेणाऱ्यांना काय म्हणावं? आणि जिलेटिनची कांडी किंवा ब्लीचिंग पावडर टाकून डोह साफ करणाऱ्यांना सांगायला हवं की स्फोटक आणि विष घालून मासेमारी करायला १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षं झाली, निरोप अजून पोचायचाय.

उभं कुठं राहायचं?

पाण्यात उतरून फेकणं हे फ्लाय फिशिंगचं सगळ्यात देखणं चित्र. कृष्णेत हे चित्र काढू नका. सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरी आहेत, आणि मगर जिल्ह्याची हद्द विचारून पोहत नाही. आंबोलीच्या ओढ्यात मगर नाही, तिथं जळवा आहेत. काठावर बसा, खडकावर बसा.

काठावर बसलं की दुसरी अडचण: ऊस. मागं दोरी सरळ व्हायला जागा लागते आणि आपल्या नद्यांना ती कारखान्यांनी ठेवलेली नाही. माशी उसाच्या पाल्यात अडकते, ती काढायला फडात शिरलं की पानांनी हात चिरतात. यावर उतारा म्हणजे दोरी मागं न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढं सोडायची 'रोल' फेक. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर काठाला दाट झाडी, तिथं याच अडचणीतून 'स्पे' पद्धत जन्मली. म्हणजे वेदगंगेचा ऊसवाला काठ आणि स्पेचा झाडीवाला काठ, दुखणं एकच.

हौशी माणसाला धरणाच्या पाण्यात गळ टाकायचा तर तिथल्या मासेमारीचा हक्क कुणाकडं आहे ते आधी विचारावं. बऱ्याच जलाशयांत तो संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेला असतो. चौकशी केली तर चहा मिळतो, नाही केली तर काठी जप्त होते.

चार तुकड्यांची नऊ फुटी काठी नळीत घातली की अडीच फुटांत मावते. बेळगाव-निपाणी बसच्या रॅकवर आरामात राहते. सामान बसनं जाऊ शकतं. मग गाडी कशाला? बोटीसाठी.

बोट ओढायची गाडी: आधी ट्रॉलीवाल्याला विचारा

गाडी निवडण्याआधी वजन मोजा. बारा फुटी अॅल्युमिनियमची होडी, लहान इंजिन, पेट्रोलचा डबा, नांगर, वल्ही आणि लोखंडी ट्रेलर धरून तीनशे-चारशे किलो सहज होतात. युरोपात साडेसातशे किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतं. आपल्याकडं एवढ्या ओझ्यानं तवंदी घाट उतरायचा तर तो सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. तिथं गिअर खाली टाकून इंजिनानं गाडी धरायची. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून ढिले.

गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता किलोत छापलेली असेल तीच खरी. छापलेलीच नसेल तर कंपनीनं "ओढू नका" हे सभ्य भाषेत सांगितलंय असं समजा. शोरूमवाला "काही होत नाही हो" म्हणेल, पण घाटात तो बरोबर नसतो.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी बोटीसाठी वाईट. उतारावर पाण्याच्या दिशेनं गाडी मागं घेतली की सगळा भार मागच्या चाकांवर जातो, पुढची हलकी होतात आणि ओल्या शेवाळी उतारावर जागच्या जागी फिरत राहतात. म्हणून बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, व्ही-क्रॉस, हायलक्स या शिडीसारख्या सांगाड्याच्या, मागची किंवा चारही चाकं फिरवणाऱ्या गाड्या बऱ्या. यातली हायलक्स मोठी देखणी, पण तिची किंमत ऐकल्यावर माणूस काठावरूनच मासे पकडायचं ठरवतो.

ट्रेलरचा जो भार गाडीच्या हुकवर येतो तो एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा. कमी पडला की वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि गाडीला नाचवतो. उपाय साधा, बोट जरा पुढं सरकवायची.

हुकच्या गोळ्यात एक सापळा आहे. युरोपीय गोळा ५० मिलिमीटरचा, अमेरिकी दोन इंचाचा, म्हणजे ५०.८. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण लहान गोळ्यावर मोठी वाटी बसवली तर खड्ड्यात उडी मारून ट्रेलर मोकळा होऊ शकतो. आपल्या रस्त्यांवर खड्डा शोधायला जावं लागत नाही.

ट्रेलर हेही कायद्याच्या नजरेत वाहनच, त्यालाही नोंदणी लागते. केए-२३ची पाटी लावून कोल्हापूरच्या हद्दीत गेलात की पोलीसमामा ट्रेलरची पाटी आधी बघेल आणि बोट नंतर. बोटीला इंजिन बसवलं की देशांतर्गत जलयान कायदा २०२१ लागू, तिची नोंदणी वेगळी.

पाण्यात उतरवण्यापूर्वी ट्रेलरच्या चाकांचे तुंबे निवू द्यावेत. तापलेला तुंबा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, ग्रीस जातं, बेअरिंग जातं. आणि दिव्यांची वायर आधी काढायची, गरम बल्ब पाण्यात फुटतो.

मागं घेताना ट्रेलर उलटा वळतो. स्टिअरिंग डावीकडं, ट्रेलर उजवीकडं. हे शिकायला परदेशात क्लास असतात. इथं हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या गेटवर जा, वीस वर्षांचं पोरगं पानाची पिचकारी टाकता टाकता एक ट्रॉली इंचभर चुकू न देता काट्यावर लावतं. दोन ट्रॉल्या असतील तर तेही एक सोडवतं, कारण दोन जोडलेल्या ट्रॉल्या मागं घेणं देवालाही जड. ब्रिटनमध्ये समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्था कित्येक किनाऱ्यांवर जीवरक्षक बोटी पाण्यात सोडते कशानं? ट्रॅक्टरनं. मोठी चाकं, भरपूर ताकद, चिखलाची भीती नाही. म्हणजे बोट ओढायला सर्वांत चांगली गाडी आधीच गोठ्याशेजारी उभी आहे आणि आपण शोरूमचे उंबरे झिजवतोय.

पण ओढायचीच कशाला?

माझं मत विचाराल तर या भागात ओढायची बोट घेऊच नये. आपल्या धरणांवर बोट उतरवायचे फरसबंद उतार जवळपास नाहीत. काळम्मावाडीसारख्या जलाशयाचं पाणी उन्हाळ्यात इतकं मागं सरतं की काठावरून पाण्यापर्यंत गाळाचं मैदान पडतं. तिथं ट्रेलर रुतला की पुन्हा ट्रॅक्टरच आणायचा. मग पहिल्यापासून ट्रॅक्टरवाल्याशीच सलगी ठेवलेली बरी.

या मुलखानं पाणी ओलांडायला नेहमी उचलता येणारंच काही वापरलं. गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील नदीत सोडून माणसं, दुधाच्या घागरी पलीकडं नेल्याच्या आठवणी कृष्णा-पंचगंगेच्या काठी अजून सांगतात. काहील गोल, म्हणून ती स्वतःभोवती फिरते, पण बुडत नाही. २०१९ आणि २०२१च्या पुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. तेव्हा महापुरात फिरल्या त्या एनडीआरएफच्या हवा भरायच्या रबरी बोटी. ट्रकमधून घडी करून येतात, जागेवर फुगवतात, मागं इंजिन लावतात. आपत्तीत ज्यांचं पोट यावर चालतं त्यांनीच ट्रेलर टाळलाय, तिथं रविवारी चिलापी मारणाऱ्यानं तो का बाळगावा?

दोन माणसांची चांगली रबरी बोट घडी करून बोलेरोच्या मागच्या बाकांवर मावते. कडक तळाची घेतली तर टपावर चढते, चार पट्टे बांधले की झालं. ट्रेलरची नोंदणी नाही, हुक नाही, घाटात नाच नाही. काळजी दोनच. धरणात बुडालेल्या झाडांची खुंटं पाणी उतरल्यावर वर येतात, ती रबराची वैरी. म्हणून जाड कापडाची, तीन-चार वेगळ्या कप्प्यांची बोट घ्या आणि लाइफ जॅकेट अंगावर घाला, बुडाखाली घालून बसू नका. आणि हवा भरायला पायाचा पंप न्या. बारा व्होल्टचा विजेचा पंप गाडीची बॅटरी बसवतो, आणि काळम्मावाडीच्या काठावर संध्याकाळी सहानंतर गाडीला धक्का मारायला कुणी मिळत नाही.